एपीटी-लिस्टचेंजेस: आठ महिन्यांच्या वापरानंतर

एपीटी-लिस्टचेंजेस हे डेबियन या लिनक्स प्रणालीवरचं, अपडेटमधल्या महत्त्वाच्या सूचना आधीच दाखवणारं टूल. आधी ते का बसवलं ते सांगतो. डेबियन 11 वरून 12 वर गेलो तेव्हा अपग्रेड विनासायास पार पडलं. शेकडो पॅकेजेसच्या ओळी टर्मिनलवर सरसर वर सरकल्या, शेवटी प्रॉम्प्ट आला आणि मी निर्धास्त झालो. 19 दिवसांनी एक फाइल परत मिळवायची वेळ आली, तेव्हा कळलं की त्या रात्रीपासून एकही बॅकअप झालेला नाही. बॅकअप ज्या जुन्या स्टोरेज बॉक्सवर जायचा, त्याला ओळख पटवण्यासाठी शा-1 या जुन्या पद्धतीवर आधारलेली आरएसए सहीच तेवढी कळायची, आणि ओपनएसएसएच या सुरक्षित जोडणीच्या प्रोग्रामने 8.8 आवृत्तीपासून ती मुळातच बंद करून ठेवली आहे.

सूचना दिलेली होती. पॅकेजबरोबर आलेल्या न्यूज.डेबियन या बदलांच्या सूचनांच्या फाइलमध्ये, सोप्या शब्दांत, उपायासकट, माझ्याच डिस्कवर. ती वाचायची वेळ मात्र आली ती सगळं घडून गेल्यावर.

एपीटी-लिस्टचेंजेस नेमकं हेच काम करतं. अपडेटची पॅकेजेस उतरली की ती बसवण्याआधी ते त्यांच्यातल्या न्यूज फाइल्स उघडतं, तुमच्याकडे असलेल्या आवृत्तीनंतरच्या नोंदी तेवढ्या वेगळ्या काढतं आणि पानापानाने समोर ठेवतं. डेबियनच्या नेहमीच्या इन्स्टॉलेशनमध्ये ते येतंच. माझा सर्व्हर मोजक्या पॅकेजेसवर उभा केलेला, म्हणून त्यात नव्हतं.

पहिला महिना मात्र माझा वाया गेला, आणि त्यातूनच सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. काहीही सुटू नये म्हणून मी सेटिंगमध्ये ‘न्यूज’ऐवजी ‘बोथ’ लिहिलं, म्हणजे बातम्यांबरोबर प्रत्येक पॅकेजचा चेंजलॉग, म्हणजे बारीकसारीक बदलांची यादीही दिसणार. कर्नलचं, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचं, एक अपडेट आलं की दुरुस्त्यांच्या शेकडो ओळी. दुसऱ्या आठवड्यापर्यंत बोटाला सवय लागली: पान उघडलं की क्यू दाबायचा. एकदा क्यू दाबल्यावर जाणवलं की वरच्या दोन ओळी वेगळ्या दिसत होत्या, पण तोवर पान बंद झालं होतं. जाहिरातीच्या पट्टीवरून नजर आपोआप घसरते, तसंच हे. त्या संध्याकाळी ‘न्यूज’ परत लावलं. तेव्हापासून पान महिन्यातून एखाद्या वेळी उघडतं, कधी तेही नाही, आणि उघडलं की मी हातातलं काम थांबवून वाचतो.

दुसरी सेटिंग ‘कन्फर्म’. ती चालू केली की वाचून झाल्यावर पुढे जायचं का असं ते विचारतं. नाही म्हटलं तर इन्स्टॉलेशन तिथेच थांबतं. पॅकेजेस उतरलेली असतात, पण एकही बसलेलं नसतं. माझ्या मते या टूलचा खरा जीव इथे आहे. इन्स्टॉलेशननंतर लाल अक्षरांत, चौकटीत, कितीही ठळक छापलेली सूचना वाचून माणूस फक्त निस्तरू शकतो. आधी वाचली तर निर्णय त्याच्या हातात असतो.

याचा प्रत्यय डेबियन 13 च्या वेळी आला. ती आवृत्ती 9 ऑगस्ट 2025 ला आली. मी तीन आठवड्यांनी अपग्रेडला बसलो. पान उघडलं, त्यात सिस्टमडीची (प्रणालीतल्या सेवा सुरू करणारं पॅकेज) नोंद: तात्पुरत्या फाइल्सचं ‘टीएमपी’ फोल्डर आता डिस्कवर नाही, मेमरीत राहणार. त्याची कमाल मर्यादा एकूण मेमरीच्या निम्मी. माझ्या मशीनला 4 जीबी मेमरी, म्हणजे 2 जीबी. आणि माझी रात्रीची बॅकअप स्क्रिप्ट त्याच फोल्डरमध्ये 3 जीबीचं आर्काइव्ह बांधते. मी ‘एन’ दाबलं, स्क्रिप्टमधला मार्ग बदलला, एकदा चालवून पाहिली आणि मगच अपग्रेड पुन्हा सुरू केलं. जुनीच पद्धत हवी असेल तर टीएमपीचं माउंट, म्हणजे मेमरीतली ही जोडणी, मास्क करून बंद ठेवता येतं, तेही त्याच नोंदीत होतं. सगळं मिळून वीस मिनिटांचं काम. आधीच्या वेळी 19 दिवस गेले होते.

आता उणिवा. न्यूज फाइलमध्ये जे लिहिलं आहे तेवढंच हे दाखवतं. पॅकेज बसताना त्याची स्क्रिप्ट जे काही छापते, ते याच्या हाती लागत नाही. ते एपीटीच्या (डेबियनचं पॅकेजेस बसवणारं साधन) टर्म लॉग या नोंदफाइलमध्ये जाऊन पडतं आणि तिथे जाऊन शोधावं लागतं. डेबियनबाहेरच्या रिपॉझिटरीतून (पॅकेजेसच्या साठ्यातून) घेतलेल्या पॅकेजेसपैकी माझ्याकडच्या एकातही न्यूज फाइल नाही, त्यामुळे त्यांच्याबाबतीत मी अजून अंधारात आहे. जेंटू या दुसऱ्या लिनक्समध्ये पोर्टेज हे पॅकेज बसवणारं साधन अशा सूचना वेगळ्या नोंदवून ठेवतं आणि मेलही करू शकतं. होमब्रू हे मॅकवरचं तसंच साधन बरीच पॅकेजेस एकदम बसवली तरी ‘कॅव्हिएट्स’, म्हणजे सावधगिरीच्या सूचना, शेवटी एकत्र दाखवतं. दोन्ही नंतरचे उपाय आहेत, पण तशी सोय इथेही हवी होती.

शिवाय एकदा दाखवलेली नोंद ते पुन्हा दाखवत नाही. म्हणून ईमेल पत्त्याची ओळ रिकामी ठेवू नका, प्रत मेलवर येऊ द्या. रात्री आपोआप अपडेट होणाऱ्या मशीनवर तर पानासमोर कुणीच बसलेलं नसतं; तिथे ‘फ्रंटएंड’मध्ये (सूचना कशी दाखवायची ती सेटिंग) सरळ ‘मेल’ लावा, आणि त्या मशीनवरून मेल खरोखर बाहेर पडतो का ते आधी तपासा. माझ्या दुसऱ्या सर्व्हरवरचे मेल दोन महिने रूट या प्रशासक खात्याच्या स्थानिक पेटीत साचत होते. आता ते माझ्या रोजच्या इनबॉक्समध्ये येतात, आणि वाचून झाल्याशिवाय मी ते तिथून हलवत नाही.