वेळापत्रकातली चूक मीच दुरुस्त करून दिली

परभणीतील आमच्या वसाहतीत निवृत्तांचे एक छोटे मंडळ आहे आणि दर हिवाळ्यात त्या मंडळाची एक सहल निघते. एका वर्षी आम्ही लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तमाशाच्या फडापुढे रात्र जागवली होती, एकदा नोव्हेंबरअखेरीस अंबाजोगाईच्या यशवंतराव चव्हाण स्मृती समारोहात गाणे ऐकले होते, तर एकदा देगलूरजवळच्या होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे पाहून आलो होतो. या सहली नीट पार पडल्यामुळे ठरवाठरवीचे काम आपोआप माझ्याकडे आले. मी इतिहासाचा शिक्षक. वेरूळ-अजिंठ्याला शाळेच्या सहली नेण्यात उभी नोकरी गेली. त्यामुळे या बाबतीत सरांना कोण फसवणार, असे सर्वांना वाटत असे आणि खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटत असे. गेल्या हिवाळ्यात २२ जणांचे मिळून ५६,००० रुपये माझ्या हातून गेले. ते कसे गेले, हे लिहिताना संकोच वाटतो. परंतु हुरड्याचे आणि महोत्सवांचे दिवस दर वर्षी येतात आणि त्यांच्याबरोबर अशा जाहिरातीही येतात, म्हणून लिहीत आहे.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मोबाइलवर एक जाहिरात दिसली. खुलताबादजवळच्या शेतावर हुरडा पार्टी व मुक्काम, संध्याकाळी छत्रपती संभाजीनगरच्या सोनेरी महालात होणाऱ्या वेरूळ-अजिंठा महोत्सवाचे पुढच्या रांगेतील पास, दोन्ही लेणी, जेवण आणि रेल्वे स्थानकापासून बस, असे सगळे मिळून माणशी २,८०० रुपये. पास तेवढे वेगळे. शनिवार-रविवारी गर्दी असते, त्याऐवजी रविवार ते मंगळवार आलात तर हा दर, असे तिथे लिहिले होते आणि निवृत्त माणसांना वारांचे काय, म्हणून ते आम्हाला सोयीचेच वाटले. सोबत छायाचित्रे होती: पेटलेली आगटी, बाजेवर बसलेली म्हातारी माणसे, बैलगाडीत लहान मुले आणि शेताचे फाटक. त्या फाटकाच्या छायाचित्रावर एका कोपऱ्यात नववर्षाच्या शुभेच्छांचे मोठे फूल चिकटवलेले होते. हे फूल लक्षात ठेवावे, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

मी फोन केला. पलीकडचा तरुण आमच्याच बोलीत बोलत होता. ‘बोला सर, ऐकायलो मी,’ हे त्याचे पहिले वाक्य. या ‘ऐकायलो’ने माझी निम्मी शंका तिथेच मिटली, आपल्या भागातले पोर दिसते, असे वाटले. परीक्षा घ्यावी म्हणून मी हुरड्याचे वाण विचारले. तो क्षणभरही न थांबता म्हणाला, ‘गूळभेंडी आहे सर, आणि परभणी वसंत बी आहे, तुमच्याच विद्यापीठाचं.’ परभणीच्या कृषी विद्यापीठाने खास हुरड्यासाठी काढलेले हे वाण त्याला ठाऊक आहे, म्हणजे माणूस शेतातलाच असणार, असा निष्कर्ष मी काढला. आता कळते की त्याने सांगितलेल्या बहुतेक गोष्टी खऱ्याच होत्या. सोनेरी महाल खरा, महोत्सव खरा, वाण खरे, शेतसुद्धा खरे. फक्त त्या शेताशी त्याचा काहीही संबंध नव्हता.

मग त्याने वेळापत्रक पाठवले. रविवारी हुरडा व संध्याकाळी गाणे, सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. म्हणजे दोन्ही दिवशी आम्ही बंद दारापुढे उभे राहिलो असतो. दहा वर्षांपासून सहली नेत असल्याचे सांगणाऱ्या माणसाचे दोन्ही वार एकाच कागदावर चुकतात, एवढे पाहूनच मी फोन ठेवायला हवा होता. त्याऐवजी माझ्यातला मास्तर जागा झाला. मी वार बदलून सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा असे केले. खासगी वाहन फर्दापूरच्या फाट्यावर थांबते आणि तेथून लेण्यांपर्यंतचे सुमारे चार किलोमीटर तिथल्याच बसने जावे लागते, तेव्हा ‘बस थेट लेण्यांच्या दारात’ हे वाक्य काढायला लावले. शेवटी ‘कैलास लेणे पश्चिमाभिमुख असल्याने ते दुपारनंतर पाहावे; ज्येष्ठांनी काठी विसरू नये’ अशी ओळही स्वतः लिहून दिली. ‘बरं झालं सर सांगितलंत, पोराचं ध्यान नव्हतं टाइप करताना,’ असे म्हणून त्याने अर्ध्या तासात दुरुस्त कागद पाठवला. चूक दाखवल्यावर न चिडता ती सुधारणारा व्यावसायिक हल्ली कुठे भेटतो, असे मी घरी कौतुकाने सांगितले. सौभाग्यवती म्हणाली, ‘तुम्हीच सगळं लिहून दिलं, मग त्यांनी काय केलं?’ मी ते हसण्यावारी नेले.

पैसे तीन वेळा गेले. आधी निम्मी आगाऊ रक्कम म्हणून ३०,८०० रुपये. नंतर माणशी ६०० प्रमाणे पासांचे १३,२००. या महोत्सवाच्या तारखा दर वर्षी बदलतात. २०२३ मध्ये खंडानंतर तो पुन्हा भरला तेव्हा २५ ते २७ फेब्रुवारी या तारखा होत्या, तर पुढच्या वर्षी तो फेब्रुवारीच्या आरंभीच झाला. आम्ही पासांचे पैसे भरले तेव्हा तारखांची कोणतीही अधिकृत घोषणा माझ्या वाचनात आलेली नव्हती. मी तसे विचारले, तर ‘सर, आतल्या गोटातली बातमी आहे, जाहीर झाल्यावर पास राहत नसतेत,’ असे उत्तर मिळाले. आपल्याला आतली बातमी कळली या सुखापुढे, जो कार्यक्रमच अजून ठरलेला नाही त्याचा पुढच्या रांगेतला पास छापला कसा, हा साधा प्रश्न मला सुचला नाही. इतिहास शिकवताना जो मी मुलांना प्रत्येक विधानाचे साधन विचारायला लावत असे, तोच मी असा वागलो.

तिसरी रक्कम निघण्याच्या आदल्या संध्याकाळी गेली: बसच्या डिझेलचे व चालकाचे १२,०००. ‘उरलेल्या पैशातून वळते करू,’ असे तो म्हणाला. आमच्या खजिनदार वहिनी बँकेतून निवृत्त झालेल्या आहेत. त्यांनी त्या वेळी स्पष्ट विचारले होते, ‘भाऊजी, दर वेळी नाव वेगळं का यायलंय?’ त्यांचे म्हणणे बरोबर होते. रक्कम पाठवण्यापूर्वी पडद्यावर खातेदाराचे नाव दिसते. पहिल्या वेळी ते एका महिलेचे होते, दुसऱ्या वेळी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाचे आणि तिसऱ्या वेळी एका परप्रांतीय माणसाचे. जाहिरातीतले नाव एकदाही आले नाही. मी विचारल्यावर ‘आमच्या सीएने सांगितलेली खाती आहेत, जीएसटीचं लफडं असतं,’ एवढ्यावर मी गप्प बसलो. पुढे पोलिसांकडून कळले की अशी खाती थोड्याशा पैशांसाठी दुसऱ्यांची वापरायला घेतलेली असतात आणि रक्कम त्यांत काही मिनिटेच थांबते.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी आम्ही सकाळच्या गाडीने छत्रपती संभाजीनगरला उतरलो. स्थानकाबाहेर बस नव्हती. ‘दहा मिनिटांत पोहोचायलो सर,’ असा एक संदेश आला आणि त्यानंतर फोन बंद झाला. पहिला तासभर कोणी काही बोलले नाही. एका काकूंनी धपाटे आणि दह्याचा डबा काढून सगळ्यांना वाढायला सुरुवात केली, आणि वाढताना त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, हे मला आजही आठवते. शेवटी आम्ही तीन गाड्या भाड्याने केल्या आणि त्याने नकाशावर पाठवलेल्या ठिकाणी गेलो.

शेत तिथे होते. फाटकही तेच होते, छायाचित्रातले. आणि ज्या कोपऱ्यात शुभेच्छांचे फूल होते, बरोबर त्याच जागी मालकाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली पत्र्याची पाटी होती. त्या फुलाखाली ती झाकली होती. तिच्या खाली नव्याने रंगवलेली आणखी एक ओळ होती: ‘आमचा फक्त हाच नंबर आहे.’ मालक बाहेर आले, आमच्याकडे पाहून सगळे समजले आणि म्हणाले, ‘या महिन्यातली तुमची तिसरी पार्टी हो सर. या, आधी पाणी घ्या.’

त्यांची त्या दिवशीची पंगत भरलेली होती, तरी त्यांनी आगटीच्या कडेला आम्हाला जागा करून दिली. खड्ड्यात गोवऱ्यांचा निखारा फुललेला, राखेत खोचलेली कणसे काढून एक गडी गोणपाटावर चोळत होता आणि हिरवे वाफाळते दाणे ताटात पडत होते. शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. खाण्याची इच्छा कोणाला नव्हती, पण सगळ्यांनी खाल्ले. मालकांनी बोलता बोलता सांगितले की दाणा कोवळा आणि दुधाळ असतो तो काळ मोजक्या दिवसांचा, म्हणून ते ज्वारी टप्प्याटप्प्याने पेरतात आणि कोणी तारीख मागितली की त्या दिवशी कोणते वावर हुरड्याला येईल हे पाहूनच होकार देतात. काही तारखांना तर नाही म्हणतात. आमच्या भामट्याने एकाही तारखेला नाही म्हटले नव्हते. मला वाटते, वाण विचारण्यापेक्षा मी हे विचारायला हवे होते, आणि त्याहून आधी जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याला दुचाकीवर तिथे पाठवून फाटकावरची पाटी वाचायला सांगायला हवे होते.

तिथे बसूनच वहिनींनी १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन लावला. चौथ्या प्रयत्नात तो लागला. तिन्ही व्यवहारांचे बारा अंकी यूटीआर क्रमांक (प्रत्येक व्यवहाराचा ओळखक्रमांक), वेळा व रकमा तिथल्या कर्मचाऱ्याने मागितल्या आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून पोचक्रमांक दिला. परभणीला परतल्यावर पोलीस ठाण्यात व बँकेत लेखी अर्ज दिले. पहिल्या दोन रकमा केव्हाच पुढे सरकलेल्या होत्या. आदल्या संध्याकाळच्या १२,००० पैकी ९,४०० रुपये मात्र एका खात्यात अडवले गेले. ते परत मिळवण्यासाठी न्यायालयाचा आदेश लागेल, असे आम्हाला तेव्हा सांगण्यात आले. आमचा अर्ज न्यायालयात आहे. सकाळी बस दिसली नाही त्याच मिनिटाला फोन केला असता तर आणखी दोन-अडीच हजार अडले असते, असे मला वाटते. पण तेव्हा आम्ही धपाटे खात त्याच्या ‘दहा मिनिटांची’ वाट पाहत होतो. संदेश, पावत्या आणि जाहिरातीची छायाचित्रे आम्ही पुसली नव्हती, एवढे एक शहाणपण आमच्याकडून घडले. रागाच्या भरात मी ते सगळे पुसायला निघालो होतो आणि वहिनींनी हात धरला.

आठ दिवसांनी दुसरा फोन आला. बोलणारा स्वतःला सायबर शाखेचा अधिकारी म्हणवत होता. तुमची पूर्ण रक्कम जप्त झाली आहे, २,५०० रुपये प्रक्रिया शुल्क भरा आणि पाठवलेला कोड स्कॅन करून पिन टाका, असे त्याचे म्हणणे. त्याला माझे नाव, रक्कम आणि तारीख माहीत होती, आणि ती फसवणाऱ्यालाच माहीत असणार, हे माझ्या उशिरा ध्यानात आले. पैसे यायचे असतील तर पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. तक्रार घेणारी यंत्रणा पैसे सोडवण्यासाठी पैसे मागत नाही. त्या दिवशी मी काही न बोलता फोन ठेवला.

मंडळाच्या बैठकीत मी माझ्या निवृत्तिवेतनातून सर्वांची रक्कम परत करण्याचे सांगितले. बहुतेकांनी घेतली नाही. पाच जणांनी घेतली, त्यांतल्या एकाशी माझे बोलणे अजून पूर्ववत झालेले नाही. त्यात त्यांची चूक आहे असे मी म्हणणार नाही.

फाल्गुनात माझ्या भाच्याने मला एक नवी जाहिरात पाठवली. नाव वेगळे, दूरध्वनी क्रमांक वेगळा, हुरड्याच्या जागी पैठणची नाथषष्ठी आणि जायकवाडीचे पक्षी. खाली तीन दिवसांचे वेळापत्रक होते. सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा, फर्दापूरपासून तिथली बस, आणि शेवटी ती ओळ जशीच्या तशी: ‘कैलास लेणे पश्चिमाभिमुख असल्याने ते दुपारनंतर पाहावे; ज्येष्ठांनी काठी विसरू नये.’