मानेच्या गाठींचा रिपोर्ट, नाशिकची एक लॅब: मोजणी चोख, मिलिमीटर गायब

पाचपैकी चार तारे.

घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की घरचे डॉक्टरांना विचारतात, "सगळं निघालं ना?" त्याचं खरं उत्तर काही दिवसांनी लॅबमधून येतं. नाशिकमधल्या एका खासगी हिस्टोपॅथॉलॉजी (काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या) लॅबच्या अशा रिपोर्टबद्दल हे मत.

गाठी शोधण्यात ही लॅब पक्की आहे. कॅन्सर पसरलाय का हे पाहायला मानेतली चरबीही काढतात; तिच्यात लसिका गाठी (लिम्फ नोड) दडलेल्या असतात, काही जेमतेम तीन-चार मिलिमीटरच्या. वरवर पाहिलं तर त्या सुटतात. इथं चरबी बोटांनी चाचपून पातळ काप घेतात. लेव्हल २, ३, ४ (मानेचे ठरलेले भाग) वेगळ्या लिहितात, प्रत्येकीत किती सापडल्या आणि किती बाधित, तेही. निवडक नेक डिसेक्शनमध्ये (मानेच्या काहीच लेव्हलच्या गाठी काढणं) निदान १० आणि मॉडिफाइड रॅडिकलमध्ये (सगळ्या लेव्हलच्या काढणं) निदान १५ गाठी सापडाव्यात, अशी एजेसीसीच्या (कॅन्सरची स्टेज ठरवणाऱ्या अमेरिकी समितीच्या) नियमांच्या आठव्या आवृत्तीची अपेक्षा आहे. सहाच गाठी तपासून 'सगळ्या निगेटिव्ह' आलं, तर निर्धास्त होऊ नका.

एक तारा कापला तो एका ओळीसाठी. कॅन्सर गाठीचं कवच फोडून बाहेर आलाय का, यापुढे नुसतं 'आहे'. किती मिलिमीटर, ते नाही. २ मिलिमीटरपर्यंतचा फैलाव किरकोळ धरतात, त्यापुढचा मोठा. गाठ बाधित असणं वाईटच, पण कवच फुटलं की आजार उलटण्याचा धोका आणखी वाढतो. अशा वेळी रेडिएशनसोबत सिसप्लॅटिन हे केमोचं औषध देतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या युरोप-अमेरिकेतल्या दोन चाचण्यांपासून हाच रिवाज आहे. म्हणून रिपोर्ट हातात घेतानाच ही जागा वाचा आणि आकडा लिहून मागा.

टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाचा कॅन्सर असेल तर पी१६ तपासणी (कॅन्सरचा एचपीव्ही विषाणूशी संबंध दाखवणारी) झाली का, तेही पाहा. ती पॉझिटिव्ह असेल तर त्याच आठव्या आवृत्तीत ऑपरेशननंतरच्या स्टेजमधला 'एन' (गाठींचा भाग) बाधित गाठींच्या संख्येवर ठरतो: चारपर्यंत एन१, पाच किंवा जास्त असतील तर एन२.

सगळ्या लेव्हल एकाच बरणीत आल्या, तर त्या वेगळ्या लिहिणं लॅबच्या हाती उरत नाही. तो दोष ऑपरेशन थिएटरचा. बरण्या वेगळ्या, नाव आणि बाजू लिहिलेल्या, आणि नमुन्याच्या दहापट फॉर्मलिन, एवढं तिथंच विचारून घ्या.

रेडिएशन ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं. त्याआधी किडके दात काढले तर जखम भरायला दोनेक आठवडे जातात, शिवाय डोकं स्थिर धरणारा मास्क आणि प्लॅनिंग. त्यामुळे रिपोर्टचा एकेक दिवस मोलाचा; इथं तो वेळेत मिळतो. ब्लॉक (मेणात बसवलेला नमुना) आणि स्लाइडही मागितल्यावर कुरकुर न करता देतात. दुसऱ्या मतासाठी मुंबईत परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलला जाताना दोन्ही सोबत न्या. नुसत्या कागदावर तिथं भागत नाही.