होलोग्राम, फोटोमॅच की तज्ज्ञाचं पत्र? मैदानात वापरलेल्या बेसबॉलच्या वस्तू विकत घेताना

१९३२ च्या वर्ल्ड सिरीजमधली, म्हणजे बेसबॉलच्या विजेतेपदाच्या मालिकेतली, बेब रूथची राखाडी जर्सी २००५ साली ९ लाख ४० हजार डॉलरना विकली गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये हेरिटेज या लिलावघरात तिचेच २ कोटी ४१ लाख २० हजार डॉलर आले. मधल्या काळात एकूण बाजारच वर गेला, हे आहेच. पण ती जर्सी शिकागोतल्या त्या गाजलेल्या तिसऱ्या सामन्यातल्या फोटोंशी टाक्याटाक्याने जुळवून दाखवली गेली, हा फरकही तितकाच मोठा. कापड तेच, पुरावा बदलला.

रूथच्या वाटेला कुणी जात नाही. पण न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहून यँकीज-जायंट्सच्या नादी लागलेलं घर कधी ना कधी दोनशे ते पाच हजार डॉलरच्या वस्तूपाशी येऊन थांबतं. तिथे चार प्रकारचे पुरावे समोर येतात: मेजर लीग बेसबॉलचा, म्हणजे एमएलबीचा होलोग्राम (क्रमांक असलेलं चमकतं स्टिकर), फोटोमॅच (सामन्यातल्या फोटोशी वस्तू जुळवून दाखवणं), तज्ज्ञाचं मत, आणि संघाचं किंवा खेळाडूचं पत्र. विकणारा चौघांनाही ‘सर्टिफिकेट’च म्हणतो. प्रत्यक्षात प्रत्येक जण वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो, आणि पैसे बुडतात ते बहुतेक वेळा चुकीच्या प्रश्नाचं उत्तर घेऊन आल्यामुळे.

एमएलबी होलोग्राम: डोळ्यांदेखत घडलेलं

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एफबीआयच्या ‘ऑपरेशन बुलपेन’मध्ये खोट्या सह्यांचा प्रचंड धंदा उघडकीला आला. त्यानंतर २००१ मध्ये एमएलबीने स्वतःची प्रमाणीकरण व्यवस्था उभी केली. प्रत्येक सामन्याला प्रमाणक हजर असतो. तो सहसा आजी किंवा माजी पोलीस अधिकारी असतो. तत्त्व एकच: जे पाहिलं तेच प्रमाणित. चेंडू खेळातून बाद झाला की मैदानावरून थेट डगआउटजवळच्या (खेळाडूंच्या बसण्याच्या जागेजवळच्या) प्रमाणकाकडे येतो आणि त्यावर क्रमांकाचं होलोग्राम लागतं. दोन रोमन अक्षरं आणि सहा आकडे असा तो क्रमांक एमएलबीच्या संकेतस्थळावर टाकला की नोंद उघडते.

लोक गाफील राहतात ते इथेच. स्टिकर दिसलं की हायसं वाटतं. नोंद कुणी वाचत नाही. नोंदीत ‘गेम-यूज्ड’ असेल तरच वस्तू खेळात वापरलेली. ‘टीम-इश्यूड’ असेल तर ती संघाने खेळाडूसाठी तयार केली, पण मैदानात उतरलीच असेल असं नाही. आणि नोंद फक्त सहीची असेल, तर प्रमाणकाने सही होताना पाहिली, एवढंच. तिन्हींवरचं होलोग्राम सारखंच चमकतं. किमतीत मात्र कित्येक पटींचा फरक पडतो.

तपासण्याचा क्रम असा ठेवावा. क्रमांक स्वतः टाकायचा, विक्रेत्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर विसंबायचं नाही. मग नोंदीतली तारीख, डाव, गोलंदाज आणि फलंदाज घेऊन त्या सामन्याचा चेंडूवार तपशील उघडायचा. अलीकडच्या चेंडूंच्या नोंदीत कोणत्या प्रकारचा चेंडू टाकला आणि त्याचा वेग किती, इतकंही सापडतं. ते जुळलं पाहिजे. शेवटी होलोग्रामचा तिरक्या उजेडातला फोटो मागायचा. हे स्टिकर उचकटलं की तुटतं आणि खाली खुणा उरतात. कडा उचललेल्या दिसल्या, वर पारदर्शक चिकटपट्टी दिसली किंवा छपाई सपाट, रंग न बदलणारी दिसली, तर तिथूनच मागे फिरावं. खऱ्या क्रमांकाचं खोटं स्टिकर छापून दुसऱ्याच चेंडूवर लावता येतं, हे विसरू नये.

या व्यवस्थेला एक ठरलेली आंधळी जागा आहे: प्रेक्षकांत गेलेला चेंडू. तो नजरेआड झाला की साखळी तुटते, म्हणून होम रनच्या, म्हणजे सीमेपार मारलेल्या, चेंडूला सहसा होलोग्राम मिळत नाही. अपवाद विक्रमाच्या उंबरठ्यावरच्या फलंदाजाचा. त्याच्यासाठी आधीच गुप्त खुणा केलेले चेंडू वापरात आणतात. १९९८ मध्ये, ही व्यवस्था येण्याआधीच, मार्क मॅग्वायरसाठी आणि २०२२ मध्ये ॲरन जजसाठी तसं केलं होतं. त्यामुळे ‘अमक्याचा होम रन मीच झेलला’ म्हणून कुणी साधा, बिनखुणेचा चेंडू विकत असेल, तर त्याच्याकडे व्हिडिओ असला तरी किंमत आठवणीच्या चेंडूचीच द्यावी.

फोटोमॅच: जर्सीसाठी सगळ्यात भक्कम

२००१ च्या आधीच्या वस्तूंना होलोग्राम असणार नाही. तिथे जर्सीपुरतं तरी फोटोमॅचला तोड नाही. मेग्रे, रेझोल्यूशन फोटोमॅचिंग, स्पोर्ट्स इन्व्हेस्टर्स ही या कामातली जाणती नावं. सामन्यातला मोठ्या रिझोल्यूशनचा फोटो घ्यायचा आणि हातातल्या वस्तूवर एकमेवाद्वितीय अशा खुणा शोधायच्या, असं हे काम.

यँकीज आणि कब्जच्या रेघांच्या जर्सीवर ते तुलनेने सोपं. अक्षर किंवा आकडा शिवताना उभी रेघ त्याला नेमकी कुठे भेटते, हे प्रत्येक जर्सीत थोडं वेगळं पडतं. ५ च्या आडव्या दांड्यात एक रेघ डावीकडून तिसऱ्या टाक्यापाशी शिरते की चौथ्या, इतक्या बारकाईने पाहायचं. रेघा नसल्या तर अक्षरांच्या कडेचा वाकडा टाका, बटणाच्या तुलनेत अक्षराची जागा, बाहीवरच्या पॅचचा कल, न धुतला गेलेला डाग हे आधार.

चुका तीन ठिकाणी होतात. एक, ‘स्टाइल मॅच’ला फोटोमॅच म्हणून खपवणं. त्याचा अर्थ एवढाच की त्या वर्षी त्या खेळाडूने अशा प्रकारची जर्सी घातली होती. दुकानातून घेतलेली अस्सल जर्सीही त्यात बसू शकते. दोन, फोटोची तारीख चुकीची धरणं. फोटोखालच्या ओळीवर विश्वास न ठेवता प्रतिस्पर्धी संघाचा पोशाख, बाहीवरचा स्मृतिपॅच, दिवस-रात्र हे सामन्याच्या नोंदीशी ताडून घ्यावं. तीन, फक्त जुळणाऱ्या खुणा मोजणं. जाणकार आधी न जुळणारी खूण शोधतो, कारण दहा जुळल्या आणि एक स्पष्टपणे चुकली, तर दुरुस्तीचं पटणारं कारण सापडेपर्यंत तो मॅच नव्हे.

मर्यादाही समजून घ्याव्यात. ताऱ्यांचे फोटो रोज निघतात, राखीव खेळाडूंचे क्वचित. त्यामुळे राखीव खेळाडूची जर्सी जुळली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही. चेंडूवर फोटोमॅच जवळजवळ अशक्य. बॅटवर मात्र लाकडाच्या रेषा, गाठी आणि मुठीवरच्या टेपच्या वेढ्यांनी तो छान जमतो.

तज्ज्ञाचं मत: जुन्या बॅटसाठी, आणि तेवढ्यासाठीच

पीएसए/डीएनए ही तपासणी कंपनी बॅटला १ ते १० गुण देते, ‘जीयू १०’ म्हणजे शिखर. मिअर्स या दुसऱ्या कंपनीचीही बॅट आणि जर्सीसाठी स्वतःची श्रेणी आहे. हे मत फोटोवर नव्हे, तर कारखान्याच्या नोंदी, वापराच्या खुणा आणि खेळाडूच्या सवयी यांवर उभं असतं. बॅटच्या बाबतीत ही पद्धत सगळ्यात परिपक्व आहे, कारण लुइव्हिल स्लगर बनवणाऱ्या हिलरिच अँड ब्रॅड्सबीने खेळाडूंच्या मागण्यांच्या नोंदी ठेवल्या: कोणतं मॉडेल, किती लांब, किती वजन. नोंदीत ३५ इंच आणि हातात ३४ इंच, तर विषय संपला. वजनात थोडी तूट चालते, ॲशचं लाकूड वर्षानुवर्षं वाळतं. लांबी आटत नाही.

काळ ओळखायला छापा कामी येतो. बॅटच्या मधल्या छाप्यात १९७९ पर्यंत हिलरिच अँड ब्रॅड्सबी हे नाव ठळक असायचं, १९८० पासून लुइव्हिल स्लगर. मॉडेल क्रमांक १९७६ पासून मुठीच्या टोकावरून बॅरलवर, म्हणजे बॅटच्या जाड टोकावर, आला. आणि २००९ च्या हंगामापासून मेपलच्या बॅटवर मुठीच्या वरच्या भागात शाईचा बारीक ठिपका असतो. लाकडाच्या रेषा किती तिरक्या जातात, ते त्या ठिपक्याच्या पसरण्यावरून तपासतात. १९९८ ची म्हणून दाखवलेल्या मेपल बॅटवर हा ठिपका दिसला, की पुढचं काही पाहायची गरज नाही.

वापराच्या खुणांना स्वतःची दिशा असते. बहुतेक फलंदाज छापा वर ठेवून खेळतात. म्हणून मूठ खाली आणि छापा आपल्याकडे धरला, तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचे चेंडूचे वण छाप्याच्या डाव्या अंगाला दाट हवेत, डावखुऱ्याचे उजव्या अंगाला. खऱ्या वणात शिवणीची नक्षी उमटते, कधी चेंडूवरच्या छापील अक्षरांची निळसर शाईही. बॅरलवर चारी बाजूंनी सारखेच वण असतील, तर कुणीतरी घरामागे बसून ‘वापर’ केला आहे. याशिवाय बॅट ठेवण्याच्या रॅकचा घासलेला रंग, बुटांच्या खिळ्यांवर आपटल्याचे खड्डे, मुठीच्या टोकावर मार्करने लिहिलेला क्रमांक आणि पकड घट्ट राहावी म्हणून फासलेल्या पाइन टारचा थर पाहावा. नियमाने हा चिकट थर मुठीकडून १८ इंचांपर्यंतच चालतो. १९८३ च्या जुलैत जॉर्ज ब्रेटचा होम रन याच कारणावरून आधी रद्द झाला आणि चार दिवसांनी परत मिळाला. तो प्रसंग आजही बेसबॉलवाले चवीने सांगतात.

सवयींचा पुरावा तितकाच बोलका. यँकीजच्या डेरेक जीटरने कारकीर्दभर पी७२ हे मॉडेल वापरलं. भलत्याच मॉडेलची ‘जीटर बॅट’ आली, तर समजावून सांगायची जबाबदारी विक्रेत्याची.

या मताचा कच्चा दुवा मोठा आहे आणि तो पत्रात लिहिलेला नसतो. सरावात वापरलेल्या बॅटवरचे वणही खरेच असतात. सराव आणि सामना यांतला फरक लाकूड सांगत नाही. म्हणून होलोग्रामच्या काळातली, होलोग्राम नसलेली आणि फोटो न जुळलेली बॅट केवळ श्रेणीवर घ्यायची झाली, तर तसाच होलोग्राम असलेल्या बॅटच्या निम्म्याहून वर जाऊ नये असं आमचं मत. १९५०-६० च्या बॅटला मात्र तीच श्रेणी पुरेशी, कारण त्याहून चांगला पुरावा सहसा मिळणारच नसतो.

संघाच्या किंवा खेळाडूच्या पत्राबद्दल थोडक्यात: पत्रात वस्तूचा क्रमांक, आकार किंवा फोटो नसेल, तर ते पत्र कोणत्याही वस्तूला जोडता येतं. पूरक म्हणून ठेवावं, त्याचे वेगळे पैसे मोजू नयेत. सहीच्या स्टिकरचंही तसंच. सही खरी म्हणून बॅट सामन्यातली ठरत नाही.

जुन्या चेंडूसाठी एक झटपट चाळणी आहे. १९९९ पर्यंत अमेरिकन लीग आणि नॅशनल लीगचे चेंडू वेगळे होते आणि त्यावर त्या त्या लीगच्या अध्यक्षाची छापील सही असे. २००० पासून एकच चेंडू आला, त्यावर कमिशनर बड सीलिगची सही; २०१५ पासून रॉब मॅनफ्रेडची. तारीख आणि सही जुळली नाही, तर गोष्ट कितीही रंगवून सांगितली तरी ऐकू नये. जुन्या फ्लॅनेल जर्सींना वेगळा धोका: त्या पुढे मायनर लीगच्या (खालच्या पातळीच्या) संघांना दिल्या जात आणि मूळ अक्षरं उसवली जात. नंतर पुन्हा शिवलेली अक्षरं अतिनील दिव्याखाली बहुधा पकडता येतात, कारण नव्या दोऱ्यातले पांढरे करणारे द्रव्य निळसर चमकतं. पुनर्बांधणी झालेली जर्सी लबाडीची असतेच असं नाही, पण भाव मूळ अक्षरांच्या जर्सीच्या आसपासही नको.

किंमत कशी काढायची

तुलनेसाठी त्याच खेळाडूची, त्याच प्रकारची आणि त्याच दर्जाचा पुरावा असलेली वस्तू गेल्या वर्ष-दोन वर्षांत कितीला गेली ते पाहावं. विक्रेते मागितलेली किंमत दाखवतात. बघायची ती झालेली विक्री. आकड्यात खरेदीदाराचं प्रीमियम (बोलीवर लिलावघर वर घेतं ती रक्कम) धरलं आहे का, तेही विचारावं. मोठ्या लिलावघरांत ते २० ते २२ टक्के असतं.

हिशेब करून पाहा. हातोडा १,००० डॉलरवर पडला, २२ टक्के प्रीमियम धरून १,२२०, त्यावर न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के विक्रीकर म्हणजे जवळपास १,३०१. उद्या तीच वस्तू पुन्हा १,००० वर गेली आणि लिलावघराने तुमच्याकडून १० टक्के कापले, तर हातात ९००. म्हणजे बाजार जागचा हलला नाही तरी चारशे गेले. वर्षाहून अधिक काळ ठेवून नफा झालाच, तर संग्राह्य वस्तूंवर फेडरल कर २८ टक्क्यांपर्यंत जातो, शेअरसारखा सवलतीचा दर मिळत नाही.

ताज्या विक्रमाच्या मागे धावणाऱ्यांसाठी दोन आकडे. मॅग्वायरच्या सत्तराव्या होम रनचा चेंडू जानेवारी १९९९ मध्ये ३० लाख डॉलरच्या वर गेला. २००१ मध्ये बॅरी बाँड्सने ७३ मारून तो विक्रम मोडला आणि त्याचा चेंडू २००३ मध्ये साडेचार लाखांत गेला. जजच्या बासष्टाव्या चेंडूसाठी २० लाखांची जाहीर मागणी आली होती. ती नाकारून डिसेंबर २०२२ मध्ये लिलावात १५ लाख मिळाले. उत्साह ओसरला की किंमत त्याच्या मागे उतरते. घाई नसेल तर सहा महिने थांबणं परवडतं.

मग घ्यायचं काय? दोनशे डॉलरच्या आत: ‘गेम-यूज्ड’ नोंदीचा, ओळखीच्या गोलंदाजाने टाकलेला साधा चेंडू, संघाच्या स्टेडियममधल्या दुकानातून. दोन-तीन हजारांत: मध्यम प्रसिद्धीच्या खेळाडूची होलोग्रामवाली जर्सी, आणि तिचा फोटो स्वतः जुळवता येतो का ते विकत घेण्याआधी पाहावं, जुळला, तर किमतीत भर पडते आणि जुळवण्याचं पत्र नंतरही काढता येतं. ताऱ्याची बॅट घ्यायची, तर वण, मॉडेल आणि लांबी तपासून, शक्यतो क्रॅक गेलेली. मुठीपाशी तडकलेल्या बॅटला किंमत कमी पडते, पण सामन्यात तडकलेल्या क्षणाची नोंद असेल तर तिच्याइतका खात्रीचा सौदा थोडाच मिळेल.

वस्तू घरी आली की होलोग्रामच्या नोंदीचा स्क्रीनशॉट, पावती आणि सगळ्या बाजूंचे फोटो वेगळ्या जागी ठेवावेत. घराच्या साध्या विम्यात अशा वस्तूंवर बऱ्याचदा कमी मर्यादा असते; पाच हजारांच्या वरची वस्तू यादीत स्वतंत्र नोंदवून घ्यावी.