क्रूझवरची आरामखुर्ची: पूलचा डेक, विकतचा कोपरा की स्वतःची बाल्कनी?

क्रूझचं बुकिंग करताना आपण शाकाहारी जेवण मिळेल का, खोली कितव्या मजल्यावर, वायफायचे वेगळे पैसे किती, सगळं खोदून खोदून विचारतो. उघड्यावर बसायचं कुठे, हे मात्र कोणी विचारत नाही. मग जहाज खुल्या समुद्रात असतं त्या दिवशी सकाळी साडेनऊला पूलपाशी गेलं की दिसतं, सगळ्या आरामखुर्च्या भरलेल्या आहेत. माणसांनी नव्हे, टॉवेलांनी. एकीवर टॉवेल आणि उपडं ठेवलेलं पुस्तक, शेजारच्या तीनांवर टॉवेल आणि एकेक चप्पल.

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांना यात नवल वाटायला नको. पण रुमाल टाकणारा दोन मिनिटांत दारातून आत येऊन बसतो. हे टॉवेलवाले नाश्ता, जिम आणि अंघोळ उरकून थेट जेवणाच्या वेळेला उगवतात.

यावर उपाय चार: पूलच्या डेकवर नशीब आजमावणं, लहान मुलांना प्रवेश नसलेला फुकटचा भाग असलेलं जहाज निवडणं, पैसे भरून राखीव जागा घेणं, किंवा बाल्कनीची खोली. माझं मत आधीच सांगून टाकते. आपल्यापैकी बहुतेकांना ऊन अंगावर घ्यायचं नसतं; सावली, वारा आणि समोर समुद्र एवढंच हवं असतं. त्यामुळे पूलशेजारच्या ज्या खुर्च्यांसाठी युरोपातले आणि अमेरिकेतले प्रवासी पहाटे टॉवेल घेऊन धावतात, त्या शर्यतीत आपण उतरायचं कारणच नाही. हे मान्य असेल तर पुढची निवड बरीच स्वस्तात होते.

आधी समुद्रावरचे दिवस मोजा

खुर्चीची मारामारी होते ती जहाज दिवसभर कुठेही लागत नाही त्या दिवशी. बंदरात जहाज लागलं की निम्मी माणसं उतरतात आणि पूलचा डेक ओस पडतो.

बार्सिलोना, जेनोआ किंवा रोमजवळच्या चिविटावेकियाहून निघणाऱ्या सात रात्रींच्या भूमध्य समुद्रातल्या सफरीत रोज एक बंदर असतं, मोकळा दिवस फार तर एखादा. तिथे खुर्चीसाठी जास्तीचे पैसे मोजणं म्हणजे उधळपट्टी. दिवसभर पॉम्पेईत किंवा फ्लॉरेन्समध्ये पाय मोडून आल्यावर संध्याकाळी हवी ती खुर्ची मिळते. मायामीहून कॅरिबियनला जाणाऱ्या सात रात्रींच्या सफरीत असे दोन-तीन दिवस येतात, हवा उबदार, जहाज मुलाबाळांनी भरलेलं. टॉवेलांची खरी लढाई तिथली. अलास्काला किंवा नॉर्वेला निघाला असाल तर हा लेख निम्मा सोडून दिलात तरी चालेल. तिथे पूलकडे कोणी ढुंकून पाहत नाही, गर्दी होते ती कठड्याला, हिमनदी दिसते तेव्हा. आणि तिथेही हिमनदीसमोर पोचल्यावर कप्तान जहाज सावकाश फिरवतो, दोन्ही बाजूंना दर्शन होतं, त्यामुळे पहाटेपासून कठडा धरून उभं राहायची गरज नसते.

एक उलटं उदाहरण क्वीन मेरी 2 या जहाजाचं. साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क सात रात्री, मध्ये एकही बंदर नाही. म्हणजे सगळेच दिवस खुर्चीचे. तरी पूलवर झुंबड नसते, कारण उत्तर अटलांटिकची हवा गार. लोक सातव्या डेकवरच्या लाकडी खुर्च्यांवर पायावर पांघरूण घेऊन बसतात किंवा जहाजाला फेऱ्या मारतात.

फुकटचा डेक: नियम लिहिलेला आणि नियम पाळलेला

जवळजवळ प्रत्येक कंपनीच्या पत्रकात ‘खुर्ची अडवून ठेवू नये’ असं एक वाक्य असतं. विचारायचं ते किती मिनिटांनी सामान उचलतात आणि खरंच उचलतात का. रॉयल कॅरिबियनचा नियम 30 मिनिटांचा, कार्निव्हलचा 40 मिनिटांचा. कार्निव्हलची पद्धत मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटते. डेकवरचा कर्मचारी रिकाम्या खुर्चीवर वेळ घातलेला कागद चिकटवतो. ठरलेल्या वेळेत कोणी आलं नाही तर टॉवेल, पुस्तक, चप्पल सगळं गोळा होऊन टॉवेलच्या काउंटरवर जातं. मालकाने तिथून घेऊन जायचं, खुर्ची ज्याला हवी त्याची.

कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात त्या पोराची पंचाईत असते. एकदा मी पाहिलं, कागद चिकटवून तो पुढच्या रांगेत जाईपर्यंत मागून एक गृहस्थ आले, कागद काढून त्याची गोळी केली, टॉवेल झटकून सारखा केला आणि परत जेवायला गेले. त्या कर्मचाऱ्याने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. प्रवाशाने शेवटी द्यायच्या अभिप्रायावर त्याची नोकरी. तो तरी कोणाशी वाद घालणार? आंतरराष्ट्रीय जहाजांवर गोव्याची मुलं बरीच असतात. कोकणी-मराठीत दोन शब्द बोललात तर तुमच्यासाठी जागा शोधायला ती जीव टाकतील, पण त्यांना दुसऱ्या प्रवाशाशी भांडायला लावू नका. तुम्ही स्वतः कोणाचा टॉवेल उचलून बाजूला ठेवणं तर अजिबात नको. त्यात पाकीट होतं, चष्मा होता, असं म्हणणारा निघाला की तुमची सुट्टी रिसेप्शनच्या टेबलासमोर जाते. कर्मचाऱ्याला सांगा, घड्याळ लावायला लावा, आणि तोवर दुसरीकडे बसा.

जहाज मोठं म्हणून जागा जास्त, असं नाही

एजंट नेहमी जहाजाचा आकार सांगतो. त्याऐवजी एक साधा भागाकार करावा. जहाजाचं ग्रॉस टनेज, म्हणजे आतल्या एकूण जागेचं माप (वजन नव्हे), भागिले एका खोलीत दोघं धरून होणारे प्रवासी.

मुंबईहून सुटणारं कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस आणि वायकिंग कंपनीचं वायकिंग स्टार ही दोन जहाजं मापाने जवळजवळ सारखी, दोन्ही 48 हजारांच्या आसपास. एम्प्रेसवर याप्रमाणे सुमारे 1,600 प्रवासी मावतात, वायकिंग स्टारवर 930. भागाकार येतो एकीकडे 30, दुसरीकडे 51. आपल्याकडे एका खोलीत आई-बाबा आणि दोन मुलं राहतात हे धरलं तर तो 30 चा आकडाही खाली येतो. वायकिंगवर अठराच्या आतल्या कोणाला घेतच नाहीत, त्यामुळे तिथे टॉवेल टाकायची वेळ क्वचितच येते. अर्थात तिथलं भाडंही तसंच.

सिंगापूरहून निघणारं गेंटिंग ड्रीम 1,50,695 ग्रॉस टनेजचं, प्रवासी सुमारे 3,350, भागाकार 45. 2024 साली आलेलं आयकॉन ऑफ द सीज 2,48,663 ग्रॉस टनेजचं आणि 5,610 प्रवाशांचं, भागाकार 44. म्हणजे आयकॉन गेंटिंग ड्रीमहून कितीतरी मोठं असूनही माणशी जागा तेवढीच. शिवाय या मापात थिएटर, दुकानं, कॅसिनो सगळं येतं, उघडा डेक किती ते कळत नाही. आयकॉनने त्यावर सात पूल बांधून गर्दी वाटून टाकली आहे. जुन्या जहाजांवर एकच मुख्य पूल, सगळे तिथेच. तेव्हा भागाकार 35 च्या खाली आणि पूल एक, असं असेल तर पूलचा डेक हा पर्याय खोडूनच टाका.

लहानांना मज्जाव असलेले कोपरे

रॉयल कॅरिबियनच्या अनेक जहाजांवर सोलॅरियम नावाचा भाग असतो, 16 वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, वेगळे पैसे नाहीत. कार्निव्हलवर अशाच भागाचं नाव सेरेनिटी, तोही फुकट. आजी-आजोबांना घेऊन जाणाऱ्यांना हा पर्याय मी डोळे झाकून सुचवेन. रॉयल कॅरिबियनच्या क्वांटम जातीच्या जहाजांवर सोलॅरियम काचेखाली आहे, ऊन थेट लागत नाही, मुलांचा आरडाओरडा नाही. टॉवेल टाकणारे तिथेही असतात, पण मुख्य पूलच्या मानाने कमी. लहान मुलं असलेल्या जोडप्याला मात्र याचा उपयोग शून्य. मुलांना किड्स क्लबमध्ये सोडून आळीपाळीने जाण्याची तयारी असेल तरच.

विकतचे कोपरे निराळे. नॉर्वेजियन कंपनीच्या मोठ्या जहाजांवर व्हाइब बीच क्लब, प्रिन्सेस कंपनीच्या जहाजांवर सॅंक्च्युअरी. एमएससीच्या यॉट क्लबला आणि गेंटिंग ड्रीमच्या पॅलेसला तर वेगळा पूल आणि वेगळा डेक, पण त्यासाठी खोलीच तिथली घ्यावी लागते. व्हाइबचे पास मोजके काढतात आणि ते लवकर संपतात, म्हणून घ्यायचाच असेल तर होईल तितक्या लवकर घ्या.

खुर्चीचे पैसे घेतात म्हणून नाक मुरडणाऱ्यांना एक सांगायला हवं. जुन्या आगबोटींवर हीच रीत होती. टायटॅनिकवरही डेकवरची खुर्ची भाड्याने मिळायची आणि पायावर घ्यायची घोंगडीही. त्या काळच्या बोटींवर तुमच्या नावाचं कार्ड खुर्चीला लावलेलं असे, ती खुर्ची प्रवासभर तुमची. फुकट खुर्च्या आल्या आणि मग टॉवेल आले.

तरी मी विकतचा कोपरा एकाच परिस्थितीत घेईन: समुद्रावरचे तीन किंवा जास्त दिवस, हवा उबदार, आणि दोघंच जण. चौघांचे पास घ्यायचे म्हटलं तर ती रक्कम बाल्कनीच्या खोलीच्या फरकाशी ताडून पाहा. पुष्कळदा बाल्कनीच परवडते.

बाल्कनी

आपल्या गरजेला हा पर्याय सगळ्यात जवळचा. वरच्या बाल्कनीमुळे सावली आपोआप मिळते, पाय कठड्याकडे, हातात चहा, कोणाला हटकायला नको. पण साध्या बाल्कनीत पाय पसरायची आरामखुर्ची नसते, दोन सरळ खुर्च्या आणि एक चिमुकलं टेबल एवढंच. पाठीचा त्रास असेल तर आधी फोटो मागवा. आणि कठड्यावर ओले कपडे वाळत घालायचे नाहीत. वाऱ्याने उडून खालच्या बाल्कनीत जातात आणि बहुतेक जहाजांवर ते नियमाविरुद्धही असतं.

एम्प्रेस मूळचं 1990 चं, बाल्कन्यांची लाट यायच्या आधीचं, म्हणून बाल्कनीच्या खोल्या मोजक्याच. मुंबई–गोव्याच्या एक-दोन रात्रींसाठी त्यांच्या मागे लागू नये.

आपलं काय चुकतं

टॉवेल टाकण्यात आपण मागे असू, पण आपली वेगळीच पद्धत आहे. सकाळी एक काकू येतात, आठ खुर्च्या ओढून गोल करतात आणि मधोमध बसतात.

“अहो, इथे कोणी बसलंय का?”
“हो ना, आमची सगळी मंडळी नाश्त्याला गेलीयेत. येतीलच.”

मंडळी तासाभराने येतात, येताना ठेपले आणि चिवडा घेऊन, आणि कोणाच्या तरी मोबाइलवर गाणी लागतात. काकू स्वतः तिथे हजर आहेत, म्हणून कर्मचाऱ्याला कागदही चिकटवता येत नाही. माणूस बसवून आठ खुर्च्या अडवल्या काय आणि टॉवेल टाकून अडवल्या काय, सारखंच. मोठ्या ग्रुपला एकत्र बसायचंच असेल तर पूल सोडून लाउंजमध्ये किंवा बुफेच्या बाहेरच्या टेबलांवर बसावं. एकाने एकच खुर्ची धरावी, फार तर बाथरूमला गेलेल्याची दुसरी. खुर्च्या ओढून वाट अडवू नये. व्हीलचेअर तिथूनच जाते.

मुंबई–गोवा असेल तर

इथे चारही पर्यायांवर पैसे घालवायची गरज नाही. जहाज दक्षिणेकडे जातं, म्हणजे पश्चिम उजव्या हाताला. दुपारनंतरचं ऊन आणि सूर्यास्त उजवीकडे, सावली डावीकडे. परतीच्या वाटेवर हेच उलटं: सकाळचं कोवळं ऊन उजव्या बाजूला, दुपारी सावलीही तिकडेच. सुटल्यावर सगळे वर पूलपाशी नाच-गाण्याला धावतात, त्या वेळी खालच्या डेकचा सावलीकडचा कठडा मोकळा असतो. पुढच्या टोकाला वारा झोंबतो, मध्यावर उभं राहावं. पूलमध्ये उतरायचं असेल तर सुती कपड्यांत सोडत नाहीत, पोहण्याचा नायलॉनचा पोशाख बरोबर घ्या. आणि बुकिंगच्या वेळी एजंटकडून डेकचा नकाशा मागवून घ्या: चालायचा डेक जहाजाच्या चहूबाजूंनी फिरतो का, आणि त्यावर खुर्च्या आहेत का. नकाशा नाही म्हणाला तर कंपनीच्या साइटवर तो असतोच.