तुलांबेनचं ‘लिबर्टी’ जहाज : मुक्काम गावातच करा, पहाटे उतरा

समुद्र माझ्या रोजच्या बघण्यातला, पण त्याच्या पोटात काय आहे ते पंचेचाळिशी उलटल्यावर तारकर्लीला पहिल्यांदा पाहिलं. मी रत्नागिरीत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत मुलाबरोबर बालीला गेले ती एकाच ओढीने, तुलांबेन गावासमोर बुडालेलं ‘लिबर्टी’ पाहायला.

पहिला डाइव्ह वाया गेला. दक्षिण बालीतल्या एका एजन्सीची दिवसाची सहल घेतली होती. तीन तासांचा रस्ता आणि पाण्यात उतरेपर्यंत साडेअकरा. एका गाइडमागे आम्ही सहा जण, शिवाय अशीच आणखी किती टोळकी. पुढच्याच्या पायातल्या फिनने उडालेली वाळू तेवढी दिसत होती. एकाने तोल सावरायला समुद्रपंखा, म्हणजे पंख्यासारखं पसरलेलं प्रवाळ, मुठीत धरला आणि गाइडने काणाडोळा केला. ते मला अजून लागतंय.

परतीची गाडी सोडून आम्ही गावातच राहिलो आणि किनाऱ्यालगतच्या एका छोट्या डाइव्हिंगच्या दुकानात दुसऱ्या दिवसाचं ठरवलं. त्यांना माझे पाचही तारे. गाइड फक्त आम्हा दोघांना. मला तो ‘इबू’ म्हणायचा, आपल्याकडे ‘बाई’ म्हणतात तसं. वजनाचा पट्टा त्याने दोनदा तपासला आणि हात छातीशी बांधून पोहायचं, कशालाही शिवायचं नाही, हे आधीच बजावलं. सिलेंडर गावातल्या बायका डोक्यावर चुंबळ ठेवून आणतात. किनाऱ्यावरच्या त्या काळ्या गोट्यांवरून मला रिकाम्या हातांनी चालणं जड जात होतं.

सव्वासहाला पाण्यात शिरलो. जहाज किनाऱ्यापासून जेमतेम 30-40 मीटरवर, होडीची गरजच नाही. आधी राखाडी अंधुक, मग एकदम समोर भिंतच. आत झोपलेले बंपहेड पोपटमासे त्याच वेळी बाहेर पडत होते. कपाळावर हे टेंगूळ, लांबी माझ्या हाताहून जास्त आणि एकामागून एक असे वीसेक. चोचीने प्रवाळ फोडतात तो कडाकडा आवाज पाण्यात स्पष्ट येतो. खाल्लेल्या प्रवाळाची पांढरी वाळू होऊन मागून पडते, तीही पाहिली. पुस्तकातली अन्नसाखळी वर्षानुवर्षं फळ्यावर काढली, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते इथे.

हे जहाज 1918 सालचं. दुसऱ्या महायुद्धातल्या ‘लिबर्टी’ वर्गाच्या जहाजांपैकी हे नव्हे, नावामुळे गल्लत होते. 11 जानेवारी 1942 रोजी जपानी पाणबुडीने बालीशेजारच्या लोंबोक बेटाच्या सामुद्रधुनीजवळ त्याला टॉर्पेडो मारला. रेल्वेचे सुटे भाग आणि रबर असा माल होता. ओढून बालीतल्याच सिंगराजा बंदराला नेता येईना म्हणून तुलांबेनला किनाऱ्यावर चढवलं. वीसेक वर्षं ते तिथेच पडून होतं. 1963 साली आगुंग ज्वालामुखी जागा झाला आणि त्या हादऱ्यांनी ते पाण्यात ढकललं गेलं. आता ते कुशीवर पडलंय. वरची कड 5 मीटरवर, तळ 30 मीटरच्या आसपास.

उथळ म्हणजे दुय्यम, असं समजू नका. 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट, 30 मीटरवर चौपट, आणि हवाही त्याच हिशोबाने संपते. माझ्यासारख्या नवशिकीला 18 मीटरपर्यंतच परवानगी, तरी पाऊण तास निवांत मिळाला. उजेड भरपूर म्हणून वरच्या भागावर मऊ प्रवाळ, स्पंज आणि समुद्रपंखे इतके दाटलेत की लोखंड शोधावं लागतं. बाजूच्या काळ्या वाळूत गार्डन ईल या बारीक वाम गवताच्या पात्यांसारख्या उभ्या. जवळ गेलं की सगळ्या एकदम बिळात.

साडेआठपर्यंत बाहेर या, त्यानंतर सहलींच्या गाड्या येऊ लागतात. दुपारी त्या परतल्या की पुन्हा उतरता येतं, आम्ही साडेतीनला उतरलो. जाड तळव्याचे बूट घ्या, लाट असेल तर गोटे पायाखालून सरकतात.

वर येताना सुरक्षेसाठी 5 मीटरवर तीन मिनिटं थांबावं लागतं. एरवी ती मिनिटं नुसती दोरी धरून मोजायची. इथे जहाजाच्या कडेशीच थांबलो होतो आणि जॅक माशांचा थवा आमच्याभोवती फिरत होता, शेकडो चंदेरी अंगं एका दिशेने. तीन मिनिटं झाल्यावर गाइडने वर जायची खूण केली. मी हवेचा काटा दाखवला, सिलेंडरमध्ये अजून 90 बार दाबाची हवा होती. त्याने मान डोलावली आणि आम्ही आणखी थांबलो.