प्रोटीन जी कॉलम, काही महिन्यांच्या वापरानंतर: आयजीजीसाठी उत्तम, आयजीएमसाठी नुसती सुरुवात

माणसाच्या सीरममधली प्रतिपिंडं वर्गवार (आयजीजी, आयजीएम, आयजीए) वेगळी करायला गेले काही महिने मी प्रोटीन जीचा, म्हणजे आयजीजीला धरून ठेवणारं जिवाणूंचं प्रथिन लावलेले मणी भरलेला, १ मिलीचा कॉलम वापरते आहे. आयजीजीच्या बाबतीत त्याला तोड नाही. निरोगी सीरमच्या दर मिलीत साधारण ७ ते १६ मिलिग्रॅम आयजीजी असतं आणि एवढं हा कॉलम सहज धरतो. ‘प्रोटीन ए’ या तशाच दुसऱ्या प्रथिनाकडून आयजीजी-३ बहुतेक निसटतं, हा मात्र आयजीजीचे चारही उपवर्ग पकडतो. फक्त रेझिन (कॉलममधले मणी) रिकॉम्बिनंट, म्हणजे जनुकीय बदल करून बनवलेल्या प्रोटीन जीचं, घ्या, कारण मूळ प्रोटीन जीला अल्ब्युमिनही चिकटतं.

सीरम फॉस्फेट बफरने (पीएच ७) पातळ करून ०.४५ मायक्रॉनमधून गाळल्याशिवाय चढवू नये. चरबीने गढूळ झालेलं सीरम कॉलमचा वेग पार मारतं. आयजीजी सोडवायला ग्लायसिन, पीएच २.७. एवढ्या आम्लात प्रतिपिंड रेंगाळलं तर त्याचे गोळे होतात, म्हणून गोळा करायच्या नळ्यांत १ मोलर ट्रिस (पीएच ९) मी आधीच घालून ठेवते.

खरं काम फ्लो-थ्रूमध्ये, म्हणजे कॉलमला न चिकटता बाहेर पडलेल्या द्रवात, सुरू होतं. त्यात आयजीएम असतं, पण सोबत आयजीए, अल्ब्युमिन, ट्रान्सफेरिन असा सगळा गोतावळा. ५० टक्के संपृक्त अमोनियम सल्फेटने प्रतिपिंडं खाली बसवली की बरंचसं अल्ब्युमिन वरच्या द्रवात राहतं. मग जेल फिल्ट्रेशन, म्हणजे रेणू आकारानुसार वेगळे करणं. आयजीएम सुमारे साडेनऊ लाख डाल्टनचं, त्यामुळे ते सर्वांत आधी बाहेर पडतं. पण अल्फा-२ मॅक्रोग्लोब्युलिनही सात लाखांच्या वर आहे आणि ते त्याच पीकमध्ये घुसतं. नुसतं २८० नॅनोमीटरचं रीडिंग (ते कुठलंही प्रथिन दाखवतं) बघून आयजीएम शुद्ध मिळालं असं कुणी म्हणू नये. रिड्यूस करून (प्रथिनांचे जोड तोडून) एसडीएस जेल चालवा, त्यात तुकडे वजनानुसार वेगळे होतात. १८० किलोडाल्टनजवळ अल्फा-२ मॅक्रोग्लोब्युलिनच्या तुकड्याचा पट्टा दिसला की भेसळ आहे.

डायलिसिस (नमुना पातळ पडद्याच्या पिशवीत ठेवून त्यातले क्षार बदलणं) साध्या पाण्यात तर नकोच. क्षार कमी झाले की आयजीएम साक्याच्या रूपात खाली बसतं. ०.१५ मोलर सोडियम क्लोराइड कायम ठेवा.

आयजीएसाठी मी जॅकलिन वापरते. फणसाच्या बियांतलं हे लेक्टिन (साखरेला चिकटणारं प्रथिन) आयजीए-१ धरतं आणि गॅलॅक्टोज दिलं की सोडतं. आयजीए-२ मात्र हाती लागत नाही. सीरममधलं बहुतांश आयजीए पहिल्या प्रकारचं असल्याने माझं भागतं, पण दोन्ही उपवर्गांची तुलना करायची असेल तर ही वाट धरू नका.

एवढा खटाटोप मला आवश्यक वाटतो तो संसर्गाच्या आयजीएम चाचणीमुळे. नमुन्यात भरपूर आयजीजी असेल तर ते अँटिजेनवरच्या जागा अडवतं आणि आयजीएम असूनही निकाल निगेटिव्ह येऊ शकतो. रूमॅटॉइड फॅक्टर (आयजीजीलाच चिकटणारं प्रतिपिंड) असेल तर उलट, खोटा पॉझिटिव्ह. त्या कामाला अतिशुद्ध आयजीएम लागत नाही, आयजीजी निघून गेलं तरी पुरतं. तेवढ्यासाठी हा कॉलम एकटाच पुरेसा आहे. जेल फिल्ट्रेशनचा सगळा दिवस वाचतो.