इंग्रजीच्या वर्गातली डिजिटल टूल्स: कुठली ठेवली, कुठली काढून टाकली

माध्यमिकला इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी टूल्सच्या याद्या ढिगाने मिळतात, आणि त्यातली निम्मी टूल्स एकदा वर्गात उघडली की परत कोणी त्यांच्या वाटेला जात नाही. मी एकच बघते, टूल वापरून झाल्यावर पोरांनी इंग्रजीत चार वाक्यं जास्त लिहिली किंवा बोलली का, की नुसत्या स्क्रीनवर टिचक्या मारून मजा करून घेतली? हे विचारलं की बरीचशी चकचकीत मंडळी गळतात. जी राहिली आणि जी गेली त्यांच्याबद्दल हा रिव्ह्यू.

सुरुवात काहूटपासून करते कारण सगळ्यात जास्त वापर त्याचाच होतो. 2013 साली आलेलं नॉर्वेचं हे ऑनलाइन क्विझच्या खेळाचं प्रकरण, म्युझिक सुरू झालं की पोरं वर्ग डोक्यावर घेतात, शेवटच्या बाकावरचे पण जागे होतात, ते सगळं खरंय. पण त्यात नेहमीच्या सेटिंगला बरोबर उत्तराचे गुण वेगावर ठरतात, म्हणजे जो पटकन दाबेल तो वर, आणि व्याकरणात जरा थांबून विचार करणारं पोर कायम खाली, मग ते दुसऱ्या फेरीपासून विचार करणं सोडून अंदाजपंचे दाबायला लागतं. यावर इलाज आहे, बऱ्याच जणांना माहीत नसतो एवढंच: प्रश्नाला 'नो पॉइंट्स' लावता येतं, वेळ 5 सेकंदांपासून 4 मिनिटांपर्यंत वाढवता येतो, आणि टीम मोडमध्ये पोरांना आपसात बोलून मग उत्तर द्यायला लावता येतं.

काहूटची खरी किंमत मला लीडरबोर्डमध्ये दिसत नाही, ती दिसते प्रश्न संपल्यावर कुठला पर्याय किती जणांनी दाबला ते दाखवणाऱ्या त्या पट्ट्यांमध्ये. समजा प्रश्न आहे, 'आय हॅव लिव्ह्ड हिअर ___ फाइव्ह इयर्स', पर्याय 'सिन्स' आणि 'फॉर'. पट्ट्या उभ्या राहिल्या आणि 'सिन्स'ची पट्टी 'फॉर'च्या बरोबरीने आली. इथे खेळ थांबवायचा! कोण चुकलं हे न विचारता 'सिन्स'वाल्यांची बाजू कोण मांडणार एवढंच विचारायचं, मग कोणीतरी उठून म्हणतं की पाच वर्षं आधी सुरू झालंय ना म्हणून, आणि तिथे कळतं की पोरांच्या डोक्यात सुरुवात आणि कालावधी एकत्र कालवलंय. ही पाच मिनिटं त्या अख्ख्या क्विझपेक्षा भारी असतात. पट्टी आली की 'नेक्स्ट' दाबून पुढे पळणाऱ्यांनी काहूट वापरूच नये असं माझं मत आहे, कागदी चाचणी घ्या, निदान शांतता तरी असते.

क्विझलेट शब्दसंग्रहासाठी ठीक. 2005 मध्ये एका शाळकरी मुलाने स्वतःच्या फ्रेंच शब्दांच्या परीक्षेसाठी ते बनवलं होतं, आणि त्याचा तो पाठांतराचा स्वभाव अजून तसाच आहे. पुढे शब्द, मागे अर्थ अशी कार्डं उलटत राहायची. आता उत्तर नुसतं वाचण्यापेक्षा आठवायला लावलं की जास्त टिकतं हे संशोधनात बऱ्याचदा दिसलंय, त्यामुळे आयडिया वाईट नाही, पण दुसऱ्यांनी बनवलेले तयार सेट डोळे झाकून देऊ नका, कोणीही बनवतं ते, स्पेलिंगपासून अर्थापर्यंत काहीही चुकलेलं असू शकतं. माझा जुगाड असा की सेट मुलांनीच बनवायचा आणि कार्डाच्या मागे अर्थ न लिहिता शब्द गाळलेलं स्वतःचं वाक्य लिहायचं. अर्थ पाठ करणारं पोर परीक्षेत तरतं पण शब्द वापरायची वेळ आली की गप्प.

आता माझं लाडकं, गूगल डॉक्स. यात काय नवीन असं वाटेल, पण डॉक्समधली व्हर्जन हिस्टरी हे लेखन शिकवणाऱ्यासाठी मला सापडलेलं सगळ्यात कामाचं फीचर आहे आणि ते कुठल्याही 'टॉप' यादीत नसतं. फाइल मेन्यूत जाऊन व्हर्जन हिस्टरी उघडली की निबंध कसकसा होत गेला ते दिसतं, कोणी काय टाकलं, काय खोडलं, सगळं रंगात. समजा एका मुलीचा परिच्छेद आहे, पहिल्या रूपात दोन तुटकी वाक्यं, आजोबा म्हातारे आहेत, आजोबा गोष्टी सांगतात. नंतरच्या रूपात तिने 'हू' घालून दोन्ही जोडलीत. त्याच्या पुढच्यात परत तोडलीत, बहुतेक धीर सुटला असणार. आणि शेवटच्यात पुन्हा जोडलीत, या वेळी स्वल्पविरामासकट. हातात आलेल्या स्वच्छ कॉपीत हे काहीच दिसलं नसतं, मी वर एक टिक मारून पुढे गेले असते. आता तिला नेमकं त्या तोडलेल्या जागेवर कमेंट टाकता येते की इथे काय खटकलं होतं गं?

शिवाय तपासताना सजेस्टिंग मोड लावायचा, म्हणजे आपली दुरुस्ती थेट बसत नाही, मुलाने ती मान्य करायची किंवा नाकारायची असते. यात एक गंमत होते, पोरं न वाचता सगळं ॲक्सेप्ट करून मोकळी होतात. म्हणून मी आता दुरुस्ती करतच नाही, फक्त कमेंटमध्ये 'या ओळीत क्रियापद बघ' एवढंच लिहिते, मग बसतात शोधत.

व्हर्जन हिस्टरीत अख्खा निबंध एका झटक्यात येऊन पडलेला दिसला तर? लगेच चोरी म्हणून बोंब मारू नका, वहीत किंवा फोनवर लिहून मग पेस्ट केलेला असू शकतो. बोलावून दोन प्रश्न विचारा, हा शब्द इथे का घेतलास, हे उदाहरण कुठून सुचलं, लगेच कळतं. एआय पकडणाऱ्या डिटेक्टरवर तर अजिबात विसंबू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर जुलै 2023 मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केला, आणि त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले निम्म्याहून जास्त निबंध हे डिटेक्टर मशीनने लिहिलेले समजतात. साधी सरळ वाक्यं, मोजके शब्द, म्हणजे नेमकं आपल्या वर्गातलं पोर जसं लिहितं तसं. प्रामाणिक मुलाला चोर ठरवणारं टूल फुकट मिळालं तरी नको.

क्विल नावाचं एक ना-नफा संस्थेचं टूल आहे, त्याचा फार गाजावाजा नाही पण वाक्यरचनेसाठी छान. दोन-तीन छोटी वाक्यं देतं आणि त्यांचं एक वाक्य करायला सांगतं, उत्तर टाईप करावं लागतं, पर्यायांवर टिचकी नाही, आणि चुकलं तर का चुकलं त्याची सूचना येते. दिसायला रटाळ आहे, पोरं पहिल्यांदा नाक मुरडतात, मुरडू द्या.

उच्चारांसाठी युग्लिश. शब्द किंवा वाक्प्रयोग टाकला की यूट्यूबवरच्या व्हिडिओंमध्ये खरी माणसं तो जिथे बोलतात तिथूनच क्लिप सुरू होते, खाली मजकूर येतो, अमेरिकन, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन असा फरक पण निवडता येतो. 'लुक फॉरवर्ड टू' टाकून चार-पाच जणांचं ऐकवलं की मुलांच्या लक्षात येतं की बोलताना हे तीन शब्द सुटे राहतच नाहीत, एकमेकांत घुसतात. फक्त क्लिप आधी स्वतः बघून घ्या, यूट्यूब आहे ते, आजूबाजूला काय बोलतील सांगता येत नाही.

बोलून घेण्यासाठी मात्र एका पेड ॲपने (नाव घेत नाही) माझ्या वर्गाचा चांगलाच हिरमोड केला. उच्चाराला टक्के देणारं ॲप होतं, नीट कळेल असं बोललेलं वाक्यही लाल, आणि नेमकं काय बदलायचं ते कुठेच नाही. दोन मुली तर नंतर वर्गातही बोलेनात, काढून टाकलं ते. त्याजागी व्होकारू, लॉगिन नाही, लाल बटण दाबा, बोला, लिंक पाठवा, संपलं. रेकॉर्डिंग तिथे कायमचं राहत नाही म्हणून चांगलं असेल ते डाउनलोड करून ठेवायचं. ऐकायला मलाच वेळ लागतो हे खरं, पण टक्के देण्यापेक्षा 'तुझं शेवटचं वाक्य मस्त आलं, मधलं परत बोल' हे पोरांना जास्त कळतं.

पॅडलेट, म्हणजे सगळ्यांनी पोस्ट डकवायची ऑनलाइन भिंत, चर्चेच्या आधी मतं गोळा करायला वापरते, आणि पोस्ट शिक्षकाने मंजूर केल्यावरच भिंतीवर दिसेल हे सेटिंग लावल्याशिवाय लिंक देत नाही. नववीच्या वर्गाला निनावी भिंत दिली की काय होतं ते शिक्षकांना वेगळं सांगायला नको.

आणि कुठल्याच टूलवर संसार थाटू नका. व्हिडिओ उत्तरांसाठी फ्लिप कितीतरी शिक्षकांचं आवडतं होतं, मायक्रोसॉफ्टने 2018 मध्ये घेतलं आणि 2024 मध्ये त्याची वेगळी साइट-ॲप बंद करून ते टीम्समध्ये टाकलं. गूगलचा ऑनलाइन फळा, जॅमबोर्ड, तोही 2024 संपता संपता गेला. दोन्ही वेळा बंद व्हायच्या आधी सूचना आली होती, तरी ज्यांचं वर्षभराचं काम तिथेच पडून होतं त्यांची धावपळ झालीच. त्यामुळे टर्म संपली की मुलांचं चांगलं लेखन आणि आवाज उतरवून एका साध्या फोल्डरमध्ये ठेवते, फाइलच्या नावात फक्त वर्ग आणि महिना.